५५००, ५६००जी की ५६००? गेमिंगसाठी प्रोसेसर घेताना एल३ कॅशे आधी का बघायची

बजेटमध्ये पीसी बांधायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. रायझन ५ ५५००, रायझन ५ ५६००जी आणि रायझन ५ ५६००, तिन्ही रायझन ५, तिन्हीत ६ कोर १२ थ्रेड, तिन्ही झेन ३ म्हणजे एएमडीच्या एकाच पिढीच्या रचनेचे, सॉकेट पण एकच, मग जो स्वस्त मिळतोय तो उचलला तर बिघडलं कुठं? दुकानदाराला विचारलं तर तोही सांगतो की सगळे सारखेच आहेत, थोडा क्लॉकचा फरक. आणि क्लॉक बघायला गेलं तर ५६००जी आणि ५६०० दोघांचा बूस्ट, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ४.४ गिगाहर्ट्झच आहे, उलट बेस क्लॉक ५६००जी चा जास्त, ३.९ विरुद्ध ३.५. म्हणजे कागदावर ५६००जी भारी दिसतो, वर आतमध्ये ग्राफिक्स पण फुकट.

पण बिघडतं, आणि बऱ्यापैकी बिघडतं. चांगलं ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी ला गेम चालवले तर ५६००जी हा ५६०० च्या मागे राहतो, गेमप्रमाणे साधारण दहा ते वीस टक्के धरा, काही गेममध्ये कमी. कोर तेच, बूस्ट क्लॉक तोच, मग फरक आला कुठून? मुख्य कारण एकच, एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली छोटी पण वेगवान मेमरी, ५६०० मध्ये ३२ एमबी आहे आणि ५६००जी मध्ये १६ एमबी. ५५०० मध्ये पण १६ च आहे, कारण ५५०० हा आतून ५६००जी चाच भाऊ, तीच चिप, फक्त आतलं ग्राफिक्स बंद केलेलं. नाव बघून वाटतं की ५५०० म्हणजे ५६०० पेक्षा जरासा हळू असेल, प्रत्यक्षात तो वेगळ्याच चिपमधून आलेला आहे.

मला हा विषय फार जवळचा वाटतो कारण आपल्याकडे लोक पैसे साठवून साठवून पीसी बांधतात, एकदा घेतलेला प्रोसेसर चार पाच वर्षं वापरतात, आणि जाहिरातीत तर कोर आणि गिगाहर्ट्झच ओरडून सांगितलेले असतात. कॅशेचा आकडा असतो कुठंतरी खाली बारीक अक्षरात.

तर कॅशे करते काय ते आकड्यांतच सांगते, कारण आकडे बघितल्याशिवाय याचं वजन कळत नाही. कॅशेचे तीन थर असतात, एल१ सगळ्यात लहान आणि कोरच्या जवळचा, मग एल२, आणि एल३ सगळ्यात मोठा पण लांबचा. झेन ३ मध्ये कोरला एल१ मधला डेटा ४-५ सायकलमध्ये (सायकल म्हणजे क्लॉकचा एक ठोका) मिळतो, एल२ मधला १२ च्या आसपास, एल३ मधला ४६ च्या आसपास, म्हणजे साधारण १० नॅनोसेकंद. आणि तिथं पण नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं, त्याला ७० नॅनोसेकंद धरा. ७० नॅनोसेकंद ऐकायला काहीच नाही, पण ४.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोरसाठी त्या तीनशेच्या वर सायकल झाल्या. प्रोसेसर हुशार असतो, डेटा येईपर्यंत पुढची जमतील ती कामं उरकून घेतो, पण पुढचं काम त्याच डेटावर अवलंबून असेल तर त्याच्यासमोर थांबण्याशिवाय पर्याय नसतो.

आता गेममध्ये नेमकं हेच होतं. एका फ्रेममध्ये गेमला काय काय करायचं असतं बघा, मॅपवरचा प्रत्येक माणूस, गाडी, गोळी कुठं आहे ते तपासायचं, कोण कुणाला धडकलं ते बघायचं, एआय ने पुढं काय करायचं ते ठरवायचं, अॅनिमेशन पुढं सरकवायचं, आणि मग काय काय काढायचं त्याची यादी ग्राफिक्स कार्डला द्यायची. हा सगळा डेटा मेमरीत विखुरलेला असतो, एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्याचा पत्ता मिळतो, तिथं गेलं की तिसऱ्याचा, त्यामुळं पुढं कुठला डेटा लागणार याचा अंदाज प्रोसेसरला आधी बांधता येत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या फ्रेमला परत तोच डेटा लागतो, तीच माणसं, त्याच गाड्या, थोड्याशा सरकलेल्या. कॅशे मोठी असेल तर मागच्या फ्रेमचा डेटा अजून तिथंच पडलेला असतो, लहान असेल तर मधल्या काळात बाहेर फेकला गेलेला असतो आणि परत रॅमकडे जावं लागतं.

एक साधा हिशोब करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा गेम १४४ एफपीएस वर, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेमने चाललाय, म्हणजे एका फ्रेमला ६.९४ मिलिसेकंद. त्यात २०,००० वेळा कोरला रॅमसाठी थांबावं लागलं, प्रत्येक वेळी ७० नॅनोसेकंद, तर झाले १.४ मिलिसेकंद, फ्रेमचा पाचवा हिस्सा नुसता वाट बघण्यात गेला. आता कॅशे वाढवून त्यातल्या निम्म्या वेळा डेटा एल३ मध्येच सापडला १० नॅनोसेकंदात, तर तो वेळ ०.८ मिलिसेकंदावर येतो. ०.६ मिलिसेकंद वाचले, फ्रेम ६.३४ ला, आणि एफपीएस १५८ च्या जवळ. कोर तोच, क्लॉक तोच, सेटिंग तीच!

व्हिडिओ रेंडर किंवा सिनेबेंच (प्रोसेसरची ताकद मोजणारी चाचणी) मध्ये असं का होत नाही हे पण लक्षात घ्या. तिथं डेटा ओळीनं येतो, एकदा वापरला की गेला, किंवा इतका लहान तुकडा असतो की एल२ मध्येच बसतो. पुढं काय लागणार हे प्रोसेसरला आधीच कळतं म्हणून तो आधीच मागवून ठेवतो. त्यामुळं ज्याला मुख्यतः ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करायचंय त्यानं कॅशेच्या मागं लागायची गरज नाही, त्यानं कोर बघावेत.

कॅशेने गेम पळतात याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा म्हणजे ५८००एक्स३डी प्रोसेसर. २०२१ च्या कॉम्प्युटेक्समध्ये एएमडीच्या लिसा सू यांनी एक नमुना दाखवला होता, प्रोसेसरच्या चिपवर आणखी एक ६४ एमबी कॅशेची चिप चिकटवलेली, मधे सोल्डर नाही, तांब्याला तांबं थेट जोडलेलं. दोन्ही प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर बांधून गिअर्स ५ चालवून दाखवला तर कॅशेवाला १२ टक्के पुढं, आणि १०८०पी ला काही गेमची सरासरी काढून १५ टक्के. मग एप्रिल २०२२ मध्ये तो खरंच बाजारात आला, ४४९ डॉलरला. आणि त्यातली गंमत ही की साध्या ५८००एक्स चा बूस्ट ४.७ गिगाहर्ट्झ होता आणि याचा ४.५ च, म्हणजे क्लॉक कमी करून, कोर तेवढेच ठेवून, ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) पण बंद करून नुसती एल३ ३२ वरून ९६ एमबी केली. सिनेबेंचमध्ये तो ५८००एक्स च्या मागे पडला, आणि बहुतेक गेममध्ये मात्र पुढं गेला, फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, फॅक्टोरिओ असल्या गेममध्ये तर नवीन पिढीच्या महागड्या प्रोसेसरच्या रांगेत जाऊन बसला.

पण सगळ्याच गेममध्ये नाही. सीएस:गो सारख्या जुन्या गेमला त्याचा फायदा दिसला नाही, कारण त्या गेमचा रोजच्या वापरातला डेटा ३२ एमबीत आधीच बसत होता, मग वरच्या ६४ चा उपयोग काय, तिथं कमी झालेला क्लॉकच बोचला. आणि दुसऱ्या टोकाला फॅक्टोरिओ, मध्यम आकाराच्या फॅक्टरीत प्रचंड फायदा, पण तीच फॅक्टरी अवाढव्य करत गेलं की डेटा ९६ एमबीच्या पण बाहेर सांडतो आणि फरक कमी कमी होत जातो. ढोबळ नियम असा सांगतात की कॅशे दुप्पट केली की रॅमकडे जाण्याच्या फेऱ्या साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, पण तो सरासरीचा नियम आहे, एखाद्या गेमचा डेटा नेमका नव्या कॅशेत मावला तर उडी खूप मोठी बसते, आणि आधीच मावत असेल तर काहीच नाही. म्हणून एकाच प्रोसेसरचे रिव्ह्यू बघताना एका गेममध्ये ४० टक्के आणि दुसऱ्यात २ टक्के असं दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही खरं असतं.

सरासरी एफपीएस पेक्षा मला यातला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो तो '१ टक्का लो' (1% low) या आकड्याचा, म्हणजे सगळ्यात हळू फ्रेम किती हळू होत्या तो आकडा. सरासरी १२० असली तरी मधूनच एखादी फ्रेम ३० मिलिसेकंद घेते तेव्हा डोळ्याला तो झटका जाणवतो, माऊस अडकल्यासारखा वाटतो, आणि नेमका त्याच क्षणी समोरचा आपल्याला मारून जातो. गर्दीच्या ठिकाणी, एकदम चार जण येऊन भिडले, स्फोट झाला, की त्या एका फ्रेममध्ये लागणारा डेटा अचानक वाढतो, आणि लहान कॅशेचा प्रोसेसर तिथं दमतो. लोक तक्रार करतात की एफपीएस तर भरपूर दाखवतोय पण गेम स्मूद वाटत नाही, त्याची कारणं बरीच असू शकतात, पण १६ एमबीवाला प्रोसेसर हे त्यातलं एक नेहमीचं कारण आहे.

कोर वाढवून हे सुटतं का? इंटेलच्या दहाव्या पिढीवर हा प्रयोग रिव्ह्यूअर लोकांनी करून दाखवलाय आणि तो मला फार आवडतो. १०६००के मध्ये ६ कोर आणि १२ एमबी एल३, १०७००के मध्ये ८ कोर १६ एमबी, १०९००के मध्ये १० कोर २० एमबी. लोक म्हणायचे बघा १० कोरवाला पुढं आहे म्हणजे गेमला १० कोर लागतात. मग १०९००के चे चार कोर बंद केले, तिघांनाही ६ कोर आणि सारखा क्लॉक दिला, कोर बंद केले तरी कॅशे पूर्ण राहते, आणि तरीही १०९००के पुढंच. म्हणजे जो फायदा कोरच्या नावावर जमा होत होता त्यातला बराचसा कॅशेचा होता.

आता खरेदी करताना पाणी कुठं मुरतं ते सांगते, कारण नुसता मोठा आकडा बघून पण फसायला होतं. खोक्यावर 'टोटल कॅशे' लिहिलेली असते, त्यात एल२ पण मिळवलेली असते. रायझन ९ ५९००एक्स वर ७० एमबी लिहिलेलं दिसेल, त्यात एल३ ६४ आहे, पण ती दोन चिपलेटमध्ये (एकाच प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या छोट्या चिप) ३२-३२ अशी वाटलेली आहे, एका कोरच्या हाताशी ३२ च. दुसऱ्या चिपलेटच्या कॅशेतला डेटा आणायचा तर रॅमला जाण्याइतकाच त्रास. म्हणून गेममध्ये ५९००एक्स हा ५६००एक्स पेक्षा दुप्पट कॅशेचा प्रोसेसर असल्यासारखा वागत नाही. रायझन ५ ३६०० ची ३२ पण खरं तर १६-१६ होती, झेन ३ मध्ये ती भिंत पाडून आठही कोरना एकत्र ३२ दिली आणि गेमिंगमध्ये २०२० साली जी मोठी उडी दिसली त्यातला मोठा वाटा या एका बदलाचा.

याचं सगळ्यात छोटं आणि सुंदर उदाहरण म्हणजे मे २०२० मधले रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स. दोन्ही ४ कोर, दोन्ही १६ एमबी, किंमत ९९ आणि १२० डॉलर. पण ३१०० मध्ये कोर २-२ असे वाटलेले आणि कॅशे ८-८, तर ३३००एक्स मध्ये चारही कोर एका ठिकाणी आणि १६ एमबी सगळी त्यांची. क्लॉकचा फरक होताच, पण गेममधलं अंतर नुसत्या क्लॉकने समजावता येणार नाही इतकं होतं. म्हणून आकडा बघताना विचारायचं ते असं, एका कोरला थेट किती एल३ मिळते?

७९५०एक्स३डी मध्ये तर हा प्रकार आणखी वेगळा, एका चिपलेटला ९६ एमबी आणि दुसऱ्याला ३२, त्यामुळं गेम बरोबर मोठ्या कॅशेच्या बाजूला पाठवायचं काम विंडोज, गेम बार आणि ड्रायव्हरनी मिळून करायचं. ते नीट झालं तर उत्तम, नाही झालं तर महागडा प्रोसेसर घेऊन पण फायदा हातातून निसटतो. फक्त गेमच खेळायचे असतील तर ८ कोर एकाच चिपलेटवाला ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी हाच सरळ रस्ता.

इंटेल आणि एएमडी यांचे एमबी एकमेकांशी लावायचे नाहीत, हे पण सांगून ठेवते. आय५ १२४०० मध्ये एल३ १८ एमबीच आहे आणि तरी गेममध्ये तो ५६०० च्या बरोबरीने चालतो, कारण त्याच्या प्रत्येक कोरला एल२ १.२५ एमबी आहे, झेन ३ मध्ये अर्धाच एमबी, शिवाय त्याचा रॅमचा रस्ता पण जवळचा. आणि २०२४ च्या शेवटी आलेला कोअर अल्ट्रा ९ २८५के बघा, एल३ ३६ एमबी, एल२ प्रत्येक मोठ्या कोरला ३ एमबी, आकडे दणदणीत, पण मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) वेगळ्या टाइलवर, म्हणजे चिपच्या वेगळ्या तुकड्यावर गेला, रॅमपर्यंतचा वेळ वाढला आणि बऱ्याच गेममध्ये तो स्वतःच्याच मागच्या पिढीच्या १४९००के च्या मागे राहिला. कॅशेचं कामच मुळात रॅमची वाट टाळणं, त्यामुळं ती वाट किती लांब आहे यावर पण सगळं अवलंबून.

मग कंपन्या सगळ्यांनाच भरपूर कॅशे का देत नाहीत? कारण ती जागा खाते. कॅशेतला एक बिट साठवायला साधारण ६ ट्रान्झिस्टर लागतात, रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. ६४ एमबी साठवायला नुसत्या बिटांचेच ३२० कोटीच्या वर ट्रान्झिस्टर होतात. स्वस्त चिपमध्ये जागा वाचवायची तर पहिली कात्री तिथंच लागते, आणि ५६००जी सारख्या चिपमध्ये तर ग्राफिक्सलाही जागा द्यायची असते. हे आजचं नाही, १९९८ मध्ये इंटेलने पहिला सेलेरॉन एल२ काढूनच आणला होता आणि तो हळू म्हणून बदनाम झाला, त्याच वर्षी १२८ केबी चिपवरच बसवून सेलेरॉन ३००ए आणला आणि तो ४५० मेगाहर्ट्झला ओव्हरक्लॉक करून लोक महागड्या पेंटियम २ च्या तोडीला खेळायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं कधी लागू नाही. ग्राफिक्स कार्डच जर पूर्ण ताकदीने दमलेलं असेल तर कॅशे कितीही द्या, एफपीएस हलणार नाही. आरएक्स ६६०० सारख्या कार्डवर नवा जड गेम अल्ट्रा सेटिंगला लावलाय तर ५६०० आणि ५८००एक्स३डी मध्ये फारसा फरक दिसणार नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ४के ला पण तेच. फरक दिसतो तो सेटिंग कमी करून जास्त एफपीएस ने खेळणाऱ्यांना, १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवाल्यांना, सिम्युलेशन, स्ट्रॅटेजी आणि एमएमओ (एकाच वेळी भरपूर जण ऑनलाइन खेळतात ते गेम) वाल्यांना. तुमचं काय होतंय ते बघायचं असेल तर गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा, ९७-९९ टक्के असेल तर प्रोसेसरला हात लावू नका, आणि ६०-७० वर रेंगाळत असेल, एफपीएस वर कॅप पण लावलेला नसेल, तर कार्डला प्रोसेसर पुरेसं काम देत नाहीये.

ज्यांच्याकडे ५६००जी आधीच आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता तेव्हा याच प्रोसेसरनं कितीतरी जणांचा पीसी चालू ठेवला, आणि कार्ड न लावता चालवायचं असेल तर तो आजही चांगला आहे. कॅशे वाढवता येत नाही पण रॅमची वाट कमी करता येते. एकच स्टिक लावलेली असेल तर दुसरी लावा म्हणजे ड्युअल चॅनल होईल, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवायची सेटिंग) चालू आहे का बघा, कितीतरी जणांची ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० किंवा २१३३ वर चाललेली असते आणि त्यांना पत्ताच नसतो. लहान कॅशेच्या प्रोसेसरला याचा फायदा जास्त होतो, मोठ्या कॅशेवाल्याला कमी, कारण तो मुळात रॅमकडे कमी जातो.

आणि कार्ड पण दमदार असेल तर त्याच बोर्डवर पुढं जायचा रस्ता आहे. बी४५० किंवा बी५५० चा बायोस अपडेट करून ५७००एक्स३डी बसतो, जानेवारी २०२४ मध्ये २४९ डॉलरला आला होता, बूस्ट ४.१ गिगाहर्ट्झच पण एल३ पूर्ण ९६. नवीन माल आता सहज मिळत नाही, जुना घेताना पिना आणि बिल नीट बघून घ्या. या पहिल्या पिढीत कॅशेची चिप वर बसवलेली असल्यामुळं कोरची उष्णता बाहेर पडायला अडचण होते, त्यामुळं नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत चालवणार असाल तर कूलरवर कंजुषी नको. ९८००एक्स३डी मध्ये हीच चिप कोरच्या खाली नेली, म्हणून तिथं क्लॉक ५.२ पर्यंत जातो आणि ओव्हरक्लॉकिंग पण उघडलंय.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात: तिथं प्रोसेसर बदलता येत नाही म्हणून घेतानाच बघा. आय५ १२४५०एच मध्ये १२ एमबी, १२५००एच मध्ये १८, १२७००एच मध्ये २४. रायझन ७ ७८४०एचएस मध्ये १६ आणि ७७४५एचएक्स मध्ये ३२, दोन्ही ८ कोर. दुकानाच्या पाटीवर हा आकडा नसतो, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की मिळतो. कमेंटमध्ये बिल्डबद्दल विचारताना तुमचं कार्ड, मॉनिटर किती हर्ट्झचा आणि मुख्य गेम कुठले ते पण लिहा, नुसता प्रोसेसर लिहिला तर उत्तर अर्धवटच देता येतं.